चार घोटांची वही

६ फेब्रुवारी, शुक्रवार

निवृत्त होऊन पाच आठवडे झाले आणि आज पुन्हा कामाची वही उघडली. ऑफिसातून निघताना एक कोरी वही मी पिशवीत टाकून आणली होती. चोरीच म्हणायची. तिच्यात रकाने छापलेले आहेत: नमुना, रंग, वास, चव, शेरा. शहराच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं मी हेच रकाने भरले. लोकांना वाटतं, पाणी यंत्रं तपासतात. बाकी सगळं यंत्रं तपासतातच, पण वास आणि चव अजून माणसाच्या नाकाजिभेवरच चालते. आमच्याकडे ते नाक आणि ती जीभ माझी होती.

सध्या भाचीकडे, ताईच्या मुलीकडे मुक्काम आहे. तिचा पाय मोडलाय, ताईचे गुडघे प्रवासाला तयार नाहीत, म्हणून ताईऐवजी मी आले. संध्याकाळी भाचीनं फ्रीजमधून एक बाटली आणायला सांगितली. बिअर. मी आणली, उघडून दिली, आणि बसले समोर तोंड फिरवून.

"मावशी, वास तरी घेऊन बघ," ती म्हणाली. "नाकाला पेन्शन लागली काय?"

मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. आजपर्यंत दारूचा थेंब जिभेला लावलेला नाही. आमचे बाबा दारूनं गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते, ताई सोळा-सतरा. त्यानंतर आमच्या घरात खोकल्याचं औषधसुद्धा ताई आधी हुंगून मग आणायची. मला बाबा फारसे आठवत नाहीत. ताईला सगळे आठवतात, पण ती सांगत नाही.

मी वास घेतला. पिकलं केळं. त्याच्या मागे लवंग. बाटलीवर बघितलं तर ना केळं, ना लवंग. नुसता गहू, जव, हॉप्स, यीस्ट आणि पाणी. पुन्हा हुंगलं. केळंच. मग एक घोट घेतला आणि भाचीला म्हटलं, "माझी वही दे."

१५ फेब्रुवारी, रविवार

नऊ दिवसांत सात प्रकार झाले. एक नियम घालून घेतलाय, प्रत्येकीचे चारच घोट. पहिला जिभेशी ओळख करून द्यायला, दुसरा चवीला, तिसरा शंका फेडायला आणि चौथा माझा. उरलेली भाची संपवते. तिचा पाय बरा होईल का ते माहीत नाही, पण तोंडावर तेज आलंय.

नमुना चार: रंग फिकट चहासारखा. वास संत्र्याच्या सालीचा. चव कडू, पण कडूपणा जिभेच्या टोकाला नाही, मागे घशाजवळ येऊन बसतो. शेरा: उत्तम.

नमुना सहा: वास ओल्या पुठ्ठ्याचा. शिळी. भाची म्हणाली, "मला तर बरी लागतेय." या मुलीला काहीही बरं लागतं. तिचा नवरा आठवला.

२ मार्च, सोमवार

घरी आले. सामान लावायला ताई माझ्या खोलीत आली होती. आमची दारं समोरासमोर. मेहुणे गेल्यावर ती इथे राहायला आली, तेव्हापासून एकमेकींच्या किल्ल्या एकमेकींकडे असतात. माझा स्वेटर उलगडताना तिच्या हाताला दोन बाटल्या लागल्या.

"हे काय?"

"बिअर."

"कुणाची?"

"माझी."

मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं स्वेटरची नीट घडी घातली, बाटल्यांवर ठेवली, बेसिनपाशी जाऊन साबणानं हात धुतले आणि निघून गेली. जणू बाटल्यांना रोग होता.

मी काय शाळकरी मुलगी आहे? अठ्ठाविसाव्या वर्षी मुलगा बघायला नकार दिला तेव्हाही ती अशीच हात धुऊन निघून गेली होती. तेव्हा मी ऐकलं नाही, आता ऐकेन?

११ मार्च, बुधवार

ताई बोलत नाही. पण मी बाहेरून आले की तिचं दार बोटभर उघडं असतं. जिना चढताना माझ्या पावलांचा आवाज ऐकत असते. वर पोचले, कुलूप पहिल्या झटक्यात उघडलं, की मग तिचं दार लागतं. याला हेरगिरी म्हणतात. मी आज मुद्दाम पाय आपटत आले.

२२ मार्च, रविवार

दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता एक नमुना. खिडकीपाशी टेबल, पांढरा कागद, धुतलेला काचेचा ग्लास. उरलेली जगमध्ये ओतून खालच्या शिंप्याकडे देते. तो म्हणतो, "बाई, अभ्यास मध्येच सोडू नका."

साहजिकच इमारतभर झालं. सेक्रेटरी जिन्यात भेटले. "काय मॅडम, म्हातारपणी नवे शौक म्हणे?"

मी म्हटलं, "हो. तुम्ही गच्चीच्या टाकीचं झाकण लावून घेण्याचा शौक कधी लावून घेताय? तीन महिने तुम्ही कबुतरं पिताय."

त्यांनी नंतर म्हणे दोन दिवस पाणी उकळून प्यायलं.

५ एप्रिल, रविवार

पेन्शनर म्हणून मिळालेल्या सवलतीत समुद्राकाठच्या गावी आले. एकटी. ताईला चिठ्ठी टाकून निघाले, कारण तोंडानं सांगायची सोय राहिलेली नाही.

बंदराजवळ एका जुन्या खानावळीत काळी बिअर मिळते असं भाचीनं सांगितलं होतं. जाऊन बसले. वेटरनं टेबल पुसलं, पाणी ठेवलं आणि उभा राहिला.

"साहेब येतायत का मागून?"

"कुठले साहेब?"

"नाही, म्हणजे... तुमच्याबरोबर."

"मीच साहेब आहे. काळी आणा."

आणली. रंग कॉफीचा, फेस बिस्किटाच्या रंगाचा. वास भाजलेल्या दाण्यांचा, थोडा जळलेल्या पावाचा. चव आधी कडू वाटली, मग कोको, आणि शेवटी अगदी बारीक मीठ. समुद्राची हवा ग्लासात शिरली की काय कोण जाणे. शेजारच्या टेबलावरची सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. बघू देत. मी खुर्ची जराशी त्यांच्याकडे फिरवून घेतली, म्हणजे त्यांच्या माना दुखायला नकोत.

शेरा: आजवरची सर्वांत चांगली. चौथा घोट मी पंधरा मिनिटं पुरवला.

७ एप्रिल, मंगळवार

परतीची बस दुपारी एका गावात दोन तास थांबली. स्टँडमागे बिअर बनवणारा छोटा कारखाना आहे आणि पुढच्या खोलीत चव घ्यायला बसता येतं. गेले. मालक चाळिशीचा, छातीपर्यंत दाढी. नाव सांगितलं त्यानं, पण वहीत तो दाढीवालाच राहील.

पहिल्याच घोटाला मी दवाखान्यात पोचले. जखमेवर लावायची चिकटपट्टी सोलल्यावर येतो तो वास. दुसरा घोट घेतला. तोच.

मी त्याला म्हटलं, "तुमच्या पाण्यात क्लोरीन राहतंय."

तो हसला. "काकू, बिअर आहे ही. सवय नसली की पहिल्यांदा असंच विचित्र लागतं."

"ही माझी एकोणिसावी आहे."

"माझी आठ वर्षं गेली यात."

"माझी चौतीस वर्षं पाण्यात गेली. क्लोरीन जवाच्या माल्टला भेटलं की हा वास येतो. हा मी नळाच्या पाण्यात शंभरदा पकडलाय, तुमच्या ग्लासात तर तो ओरडतोय. गिऱ्हाईक कमी झालंय ना अलीकडे?"

त्याचं हसू दाढीत गेलं. म्हणाला, "बस सुटेल तुमची."

बस सुटायला सव्वा तास होता. मी बाहेर बाकड्यावर बसून काढला. अपमान गिळता येतो, तो वास येत नाही.

२१ एप्रिल, मंगळवार

दोन आठवडे ते वाक्य डोक्यात वाजत होतं. बस सुटेल तुमची. आज जुन्या प्रयोगशाळेतून तपासणीची छोटी पेटी मागून घेतली आणि पहाटेच्या बसनं पुन्हा गेले.

दाढीवाला दारातच म्हणाला, "पुन्हा आलात?"

"तुमच्या टाकीतलं एक ग्लास पाणी द्या. मग जाते."

दिलं, बला टळावी म्हणून. मी नळीत पाणी घेतलं, औषध टाकलं, हलवलं. पाणी गुलाबी झालं. फिकट नाही, चांगलं लग्नातल्या फुग्याएवढं गुलाबी. शेजारी बाटलीबंद पाण्याची नळी धरली. तिच्यात रंग आलाच नाही.

त्यानं दोन्ही नळ्या उजेडात धरून बघितल्या. मग मागे गेला आणि क्लोरीन शोषणाऱ्या कोळशाच्या फिल्टरचा डबा उघडून घेऊन आला. आतला कोळसा कधीच मेला होता. पालिकेनं जानेवारीत पाण्यात क्लोरीन वाढवलं होतं. याची विक्री जानेवारीपासूनच पडली होती, आणि हा बिचारा कडूपणासाठी घालायचे हॉप्स बदलत बसला होता.

"मॅडम, चहा घेणार?" तो म्हणाला.

काकूची मॅडम झाले. चहा बरा होता. पाण्याला मात्र वास होताच.

१० मे, रविवार

दाढीवाल्याचा फोन. नवी खेप स्वच्छ निघाली. आठवड्यातून दोनदा येऊन प्रत्येक टाकी चाखाल का, विचारत होता. "तुम्ही सही केल्याशिवाय बाटली भरायची नाही," म्हणाला. मी हो म्हटलं. विचार करून सांगते वगैरे काही नाही. सरळ हो.

एवढी आनंदात होते की अबोला विसरून ताईचं दार वाजवलं. सांगितलं. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली.

"आता रोज पिणार."

"आठवड्यातून दोनदा. आणि पिणार नाही, चाखणार."

"त्यांचीही सुरुवात चाखण्यानंच झाली होती."

मला राहवलं नाही. "बाबा जितके तुझे होते तितकेच माझे होते. तुला त्यांची भीती जन्मभर सांभाळायची असेल तर सांभाळ. तुझ्या नवऱ्याचा जन्मही त्या भीतीतच गेला. मला नको तुझी भीती."

तिनं सुरी खाली ठेवली. मी बाहेर आले. जे बोलले ते खरं होतं. मेहुण्यांचं बोलायला नको होतं.

११ मे, सोमवार

आज चार घोट नव्हते.

१२ मे, मंगळवार

कालचं लिहायलाच हवं. रकान्यात न बसणारं आहे.

सकाळी अकरा वाजता मी पहिली बाटली उघडली. ग्लास घेतला नाही. वास घेतला नाही. दुसरी कधी उघडली ते आठवतं, तिसरी कधी ते आठवत नाही. चव कुठलीच आठवत नाही. तीन बाटल्या आणि माझी जीभ कोरी.

दूध तापत ठेवलं होतं म्हणे. म्हणे, कारण मला त्याची आठवण भांडं बघितल्यावर झाली. चार वाजता जाग आली तेव्हा गॅस बंद होता, दुधाचं भांडं घासून पालथं घातलेलं होतं, खिडक्या उघड्या. मी जमिनीवर सतरंजीवर, डाव्या कुशीवर. पाठीमागे गुंडाळी करून घट्ट बसवलेलं पांघरूण. मी कधी कुशीवर झोपत नाही.

ताई किल्लीनं आत आली असणार. न विचारता. मला त्या अवस्थेत बघून तिला मनातून किती बरं वाटलं असेल! आता जन्मभर ऐकावं लागणार. त्यापेक्षा किल्लीच परत मागते.

१३ मे, बुधवार

किल्ली मागायला गेले. ती खिडकीपाशी बसली होती. डोळे सुजलेले. म्हटलं, सर्दी असेल.

"माझी किल्ली दे. विचारल्याशिवाय आत यायचं नाही."

तिनं लगेच काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "दुधाचा वास जिन्यात आला. बेल तीनदा वाजवली."

"बरं."

"तू उताणी होतीस."

"मग?"

"उताणं झोपू द्यायचं नसतं. उलटी झाली की श्वासात जाते. कुशीवर वळवायचं आणि पाठीशी काहीतरी लावायचं, म्हणजे परत उलटत नाहीत." ती हे सगळं एखादी पाककृती सांगावी तसं सांगत होती. "आई रात्रपाळीला असायची. तू झोपलेली असायचीस. मी चौदा वर्षांची होते तेव्हापासून करायचे. एक दिवस मला झोप लागली."

बाबा कसे गेले ते मला पन्नास वर्षं माहीत नव्हतं. घरात सगळे 'दारूनं गेले' एवढंच म्हणायचे, आणि मला वाटायचं, काहीतरी आजार असणार.

"ताई, तू लहान होतीस."

"परवा मी झोपले नाही," ती म्हणाली. "चार वाजेपर्यंत बसले होते शेजारी. तू हललीस तेव्हा उठून आले."

मी किल्ली टेबलावरच ठेवून आले.

१४ मे, गुरुवार

दिवसभर काही केलं नाही. सोडून द्यावं का? प्रामाणिकपणे लिहायचं तर एकदा वाटलं, द्यावं. दाढीवाल्याला फोन करावा आणि नाही म्हणावं. फोन हातात घेतलाही.

आणि मग भयंकर राग आला. ताईचा नाही, बाबांचा. आयुष्यात पहिल्यांदा. या माणसानं माझ्या बहिणीची झोप खाल्ली आणि आता मेल्यावर पन्नास वर्षांनी माझी जीभही मागतोय. नाही देणार. चौतीस वर्षं कमावलेली आहे ती. पण सोमवारची बाईही मीच होते, हेही खरं. ती बाई ग्लास घेत नाही, वास घेत नाही, तिला काहीही चालतं. तिच्या हाती वही देऊन चालणार नाही.

संध्याकाळी ताईकडे गेले आणि उभ्या उभ्याच सांगितलं. "मी काम सोडणार नाही. पण आजपासून घरात बाटली येणार नाही. एकटीनं तर नाहीच नाही. आणि मेहुण्यांबद्दल बोलले ते माफ कर."

ती म्हणाली, "तेही शब्द द्यायचे. सुंदर शब्द द्यायचे."

"मग माझ्या शब्दावर नको विश्वास ठेवूस. माझ्याबरोबर ये. समोर बसून बघ. घोट मोज."

"मी? त्या जागी?"

"हो. घाबरतेस?"

हे मी मुद्दाम म्हटलं. आमच्या ताईला हा एकच शब्द सहन होत नाही.

४ जून, गुरुवार

ताईची ही चौथी खेप. गुडघ्यांना पट्टे बांधून बसमध्ये चढते, विणकाम घेऊन येते आणि चाखायच्या खोलीत दाराजवळच्या खुर्चीवर नाक मुरडून बसते. मी घोट घेतला की सुया थांबतात. मोजून झाला की पुन्हा चालू. पहिल्या दिवशी दाढीवाल्यानं तिला अदबीनं विचारलं, "मावशी, तुम्हाला काय देऊ?" ती म्हणाली, "खिडकी उघडून द्या."

आता तो तिला माझ्यापेक्षा जास्त घाबरतो.

सोमवारची बाई परत आलेली नाही. येणारच नाही असं लिहीत नाही. आज एक महिना होत आला, इतकंच लिहिते.

२३ जून, मंगळवार

तिसऱ्या टाकीतली खेप आंबली होती. नळ उघडल्याबरोबर कळलं. व्हिनेगर, आणि त्याच्या खाली बंद कपाटाचा दमट वास. मी दोन घोटांवर ग्लास खाली ठेवला आणि शेऱ्यात लिहिलं: नापास.

दाढीवाल्यानं वाचलं. "मॅडम, शनिवारी माणसं येणार आहेत. फळाचा रस घालून आंबट बिअर म्हणून देऊ. आंबट बिअर असतेच की."

"असते. ती ठरवून आंबवलेली असते. ही नासलेली आहे."

"कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय. माझ्या सहीशिवाय बाटली भरायची नाही, हे तुम्हीच म्हणाला होतात. मी सही करणार नाही. करायचीच असेल तर तुम्ही करा, आणि दुसरी जीभ शोधा."

त्याचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, संपलं, आता 'बस सुटेल तुमची' येणार. ताईच्या सुया थांबल्या होत्या. त्यानं माझा ग्लास ओढून घेतला, वास घेतला, प्यायला, तोंडात घोळवला, आणि एक शिवी हासडली. ताईकडे बघून लगेच "सॉरी मावशी" म्हणाला. मग मागच्या खोलीत जाऊन टाकीखालचा मोठा नळ पूर्ण सोडला.

आवाज ऐकून ताई उठून आत आली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा टाक्यांच्या खोलीत आली. सोनेरी बिअर फरशीवरून धावत होती, फेस भिंतीपाशी साचत होता आणि सगळं जाळीतून खाली गटारात चाललं होतं.

"हे काय करताय?"

"टाकून देतोय," दाढीवाला म्हणाला. "तुमच्या बहिणीची कृपा."

"किती आहे?"

"आठशे लिटर."

ताई दाराला धरून उभी राहिली. मला वाटलं, वासानं गरगरतंय. जवळ गेले तर ती हसत होती. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी तिला असं हसताना कधीच बघितलं नव्हतं.

"मी एकदा त्यांची एक बाटली मोरीत ओतली होती," ती म्हणाली. "एकच. अर्धी भरलेली. त्यांनी मला पट्ट्यानं मारलं. तीन दिवस शाळेत गेले नाही." तिनं डोळे पुसले. "आणि तू नुसता एक शब्द लिहिलास, आणि आठशे लिटर?"

"नियम आहे तसा," मी म्हटलं.

फेस जाळीवर साचून बिअर तुंबायला लागली. दाढीवाला काहीतरी आणायला वळला, तोवर ताईनं साडीचा काठ खोचला, भिंतीला टेकवलेला खराटा घेतला आणि त्या सोनेरी ओढ्यात चपलांसकट उतरली.

"अहो मावशी, राहू द्या, तुमचे गुडघे..."

"तुम्ही नळ बंद करायचा नाही," ताई म्हणाली आणि जोर लावून फेस जाळीकडे लोटायला लागली.